बेथेल: जालन्याजवळ वसलेलं एक गाव आणि नारायण शेषाद्री

भोकरदनहून जालन्याला निघालं की वाटेत राजूरचा गणपती लागतो. हा रस्ता आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पायाखालचा आहे. याच जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात एक नवं गाव वसलं आणि त्याचं नाव ठेवलं गेलं बेथेल. ज्यांनी ते वसवलं, त्यांचं स्वतःचं घर ऐन तरुणपणी सुटलं होतं. आजची गोष्ट त्यांची, म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांची.

आधी मुंबईत जाऊ. साल १८४३. ब्राह्मण घरातले नारायण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा याचा अर्थ काय होता? घरचं ताट बंद, जातीतलं स्थान गेलं, आणि वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्कही धोक्यात. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही असा कायदा कंपनी सरकारने केला तो १८५० साली. म्हणजे अजून सात वर्षं बाकी होती.

पण खरा घाव वेगळाच होता. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. त्या बापाच्या बाजूनेही बघा जरा: एक मुलगा गेलाच होता, दुसराही जाणार होता.

श्रीपत घरी आला, पण जात त्याला परत घ्यायला तयार नव्हती. मिशनऱ्यांकडे जेवलाय म्हणजे बाटला! तेव्हा 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर पुढे आले. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्या, असा आग्रह त्यांनी धरला आणि त्यासाठी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. मुंबईभर वाद पेटला. शास्त्रार्थ, कोर्ट, वर्तमानपत्रं, सगळं झालं. या सगळ्यात दोन भावांच्या वाटा मात्र कायमच्या वेगळ्या झाल्या.

गंमत म्हणा की योगायोग, ज्यांच्या आधारावर नारायण घर सोडून आले, त्या मिशनऱ्यांचंही त्याच वर्षी छप्पर गेलं. १८४३ मध्येच स्कॉटलंडचं चर्च फुटलं. मुंबईतले मिशनरी नव्या फ्री चर्चबरोबर गेले आणि शाळेची इमारत जुन्या चर्चकडे राहिली. या लोकांना पुन्हा शून्यापासून उभं राहावं लागलं.

अशा माणसांमध्ये नारायण घडले. १८५४ मध्ये त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. 'पाळक' हा आपल्या मराठी चर्चमधला शब्द मला फार आवडतो. पाळक म्हणजे सांभाळणारा. प्रवचन हा त्याच्या कामाचा एक भाग झाला, बाकीचं सगळं सांभाळणंच.

१८६० च्या दशकात ते जालन्याला आले. इथे इंग्रजांची छावणी होती, पण मुलूख निजामाचा. त्यांच्याकडे सर्वात जास्त आले ते मांग समाजातले लोक. आता गावगाड्याचा हिशोब डोळ्यासमोर आणा. घर गावकुसाबाहेर, पोट बलुत्यावर आणि रोजचं काम दुसऱ्याच्या मर्जीवर. गावाने मनात आणलं तर एका दिवसात काम बंद, बलुतं बंद. अशा माणसाला "धीर धर, देव आहे" एवढंच सांगून भागतं का?

शेषाद्रींनी जे केलं त्यात या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांनी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या सरकारकडून सुमारे ८०० एकर जमीन मिळवली आणि १८७० च्या आसपास बेथेल वसवलं. घरं, शेती, शाळा, चर्च. लक्षात घ्या, मुसलमान दिवाणाने दिलेली जमीन, ब्राह्मण घरातून आलेला पाळक आणि बहुतांश मांग कुटुंबं. दीडशे वर्षांपूर्वीचा मराठवाडा आहे हा!

नावाचीही एक गोष्ट आहे. बेथेल हा हिब्रू शब्द, अर्थ 'देवाचं घर'. बायबलमध्ये याकोब नावाचा तरुण भावाशी वैर झाल्यावर घर सोडून पळतो. रात्री उघड्यावर, दगड उशाला घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला देवाचा शब्द मिळतो आणि त्या जागेला तो बेथेल म्हणतो. भावापासून तुटलेल्या शेषाद्रींच्या गावाचं नाव हेच असावं, हे वाचून मी दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला होता.

पुढे १८७३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत बोलले, डोक्याला पागोटं बांधूनच. १८९१ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपण हल्ली 'मोटिव्हेशन' रील्समध्ये शोधतो. माझ्या कोडिंगच्या कामातही रोज कुणीतरी "यू कॅन डू इट" पाठवतं. बरं वाटतं, नाही असं नाही. पण ख्रिस्ती परंपरेतल्या सगळ्यात मोठ्या पत्रलेखकाकडे बघा. तुरुंगातून तीमथ्याला धीर देणारा पौल त्याच पत्रात शेवटी म्हणतो की माझा झगा आणि पुस्तकं घेऊन ये, आणि हिवाळ्याआधी ये. धीर देणाऱ्यालाही थंडी वाजते. त्यालाही माणूस लागतो.

मला वाटतं, शेषाद्रींना पन्नास वर्षं टिकवणारी गोष्ट हीच असावी. त्यांनी इतरांना उभं राहायला जमीन दिली, आणि तिथे उभी राहिलेली माणसं त्यांचा आधार झाली. ज्याचं घर सुटलं, त्याला अख्खं गाव मिळालं.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी घर, नोकरी किंवा नातं गमावून बसलं असेल, तर मेसेज जरूर टाका. पण त्याला आत्ता नेमकं काय लागतंय, तेही विचारा. कधी एखादा झगाच हवा असतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!