सरळ कड वाकडी दिसते तेव्हा

इंदूरच्या लालबाग राजवाड्याचे बांधकाम १८८६ मध्ये सुरू झाले. आदल्याच वर्षी स्विस नेत्रवैद्य ओटो हाब यांनी दृष्टिपटलाच्या मध्यावरील पीतबिंदूची वार्धक्यातील झीज वर्णिली होती. राजवाडा १९२१ मध्ये पुरा झाला. गुणकारी उपचार मात्र एकविसावे शतक उजाडल्यावरच लाभला. या विकारात लालबागेत आलेल्या आजोबांना भोवतालची झाडे दिसतात, समोरच्या नातवाचा चेहरा तेवढा पुसला जातो. एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहावे. सरळ कड वाकडी भासल्यास, ‘वयच झाले’ म्हणून स्वस्थ न बसता नेत्रवैद्य गाठावा. रक्तवाहिन्या पाझरणाऱ्या प्रकारात वेळेवर दिलेली इंजेक्शने दृष्टी राखू शकतात. विलंबाने पडलेला व्रण भरून येत नाही. धूम्रपान सोडणे, हा प्रतिबंधाचा पहिला उपाय होय.