चवदार तळ्याआधी: सुभेदारांचा मुलगा परदेशात कसा शिकला?

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर लष्करी घरातले. जन्म महूच्या छावणीतला, वडील रामजी सकपाळ सुभेदार. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड. त्यातच स्वतःचा खर्च भागवायचा आणि घरीही पैसे पाठवायचे. मुंबईतल्या घराचा भार रमाबाईंवर. अनेक चरित्रांत हा भाग दोन ओळींत उरकला जातो! शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, घर पुन्हा रमाबाईंकडे. डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. चार वर्षांनी महाड.