नवा बूट का चावतो? पायांची मापे घेणाऱ्या डॉक्टरांची गोष्ट

नव्या बुटाने फोड आला म्हणून सहसा कोणी दवाखान्यात येत नाही. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेले एक गृहस्थही त्यासाठी आले नव्हते. दोन दिवस अंगात ताप होता, म्हणून आले होते. वय पन्नाशीच्या आसपास, कारखान्यात नोकरी, दहा वर्षांपासून मधुमेह. तपासताना मी त्यांना मोजे काढायला सांगितले. करंगळीच्या बाजूला रुपयाएवढी जखम होती, आत पू होता आणि लाली घोट्यापर्यंत चढली होती. "हे कधी झालं?" असे विचारल्यावर ते स्वतःच चकित होऊन पायाकडे बघत राहिले. आठवड्यापूर्वी नवे सेफ्टी शूज मिळाले होते. बूट चावत होते, पण त्यांना ते कळलेच नव्हते.

त्यांचा पाय वाचला. पण त्या दिवसापासून बुटांबद्दल सविस्तर लिहायचे मनात होते. जाड कातडी बूट कसा निवडावा आणि पायाला कसा सवयीचा करावा, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात डॉक्टरांचा वाटा बराच आहे. तो समजला की आजचे नियम लक्षात ठेवायला सोपे जातात.

डावा-उजवा भेद नसलेले बूट

आज ऐकून नवल वाटेल, पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोप-अमेरिकेत डाव्या आणि उजव्या पायाचे बूट बहुधा एकसारखेच शिवले जात. चांभार बूट शिवताना लाकडी साचा वापरतो. दोन्ही पायांना एकच साचा वापरला की काम स्वस्तात होई. नवा बूट काही आठवडे घालून हळूहळू पायाचा आकार घेईल, अशी अपेक्षा असे. प्रत्यक्षात अनेकदा पायच बुटाचा आकार घेई. बोटे एकमेकांवर चढत आणि अंगठा आत वळे.

यावर पहिल्यांदा नेटाने बोलणारे लोक शरीररचनाशास्त्राचे अभ्यासक होते. नेदरलँड्समधील पेट्रस काम्पर यांनी 1781 मध्ये योग्य बूट कसा असावा यावर निबंध लिहिला. पुढे 1850 च्या दशकात झुरिचमधील प्राध्यापक हेर्मान फॉन मेयर यांनी एक साधी कसोटी सांगितली. अंगठ्याच्या मध्यातून मागे सरळ रेघ ओढली, तर निरोगी पायात ती टाचेच्या मध्यातून जाते. म्हणून बुटाची आतली बाजू सरळ हवी. मधोमध टोक काढलेला बूट दिसायला सुबक असतो, पण तो अंगठ्याला आत ढकलतो.

दोन हजार सैनिकांचे पाय

या विचाराला खरी धार आणली ती अमेरिकेच्या लष्करातील एका डॉक्टरने. त्यांचे नाव एडवर्ड लायमन मन्सन. पायदळाचा सैनिक चालू शकला नाही, तर त्याच्या हातातील बंदूक निरुपयोगी. आणि सैनिक लंगडत होते ते गोळीने नव्हे, बुटांनी. 1908 मध्ये लष्कराने बुटांचा अभ्यास करण्यासाठी मंडळ नेमले आणि मन्सन त्याचे प्रमुख झाले. मंडळाने सुमारे चार वर्षे काम केले, जवळपास दोन हजार सैनिकांचे पाय तपासले आणि क्ष-किरण छायाचित्रेही काढली. 1912 मध्ये मन्सन यांनी या अभ्यासावर पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी लष्कराने नवे नियम लागू केले.

त्यांना आढळलेली सर्वात महत्त्वाची गोष्ट तुम्ही आज घरी तपासू शकता. बसलेल्या माणसाचा पाय आणि ओझे घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा पाय यांचे माप सारखे नसते. भार पडला की पायाची कमान दबते, पाय लांब होतो आणि चवड्याशी पसरतो. म्हणून नियम असा झाला, की बूट देताना सैनिकाच्या पाठीवर 40 पौंड, म्हणजे साधारण 18 किलो ओझे द्यायचे आणि उभे करून माप घ्यायचे. अंगठ्यापुढे सुमारे दोन तृतीयांश इंच जागा मोकळी हवी. टाच घट्ट बसली पाहिजे, पण बोटांना हलायला वाव हवा. सैनिकांच्या पायांची जबाबदारी कंपनीच्या अधिकाऱ्यावर टाकण्यात आली.

या अभ्यासातून बनलेल्या साच्याला मन्सन यांचेच नाव मिळाले. पुढे पुसट होऊन आत वळणाऱ्या टोकाऐवजी सरळ आतली बाजू आणि रुंद चवडा, ही त्याची ओळख. कामासाठीचे कातडी बूट बनवणारे काही कारागीर आणि कंपन्या आजही तो साचा वापरतात.

बूट पाण्यात भिजवण्याची पद्धत

नवा बूट मऊ करण्याची लष्कराची रीत मजेशीर होती. बूट घालून सैनिकाने अडीच इंच पाण्यात सुमारे पाच मिनिटे उभे राहायचे. कातडे ओले आणि लवचीक झाले की सपाट जमिनीवर तासभर चालायचे आणि बूट पायातच वाळू द्यायचा. वाळताना कातडे त्या पायाचे उंचवटे आणि खळगे धरते. मग ते कडक होऊन तडकू नये म्हणून वर थोडे तेल चोळायचे.

"मग आम्हीही तसेच करू का?" असे विचाराल, तर माझे उत्तर नाही असे आहे. त्या काळचे बूट पूर्ण कातड्याचे असत. आजच्या बुटांत चिकटवलेले तळवे, फोम आणि पुढे पोलादी टोपी असते. पाण्याने चिकटवण सुटू शकते आणि पोलाद भिजवून सैल होत नाही. शिवाय ओलसर त्वचेवर फोड लवकर येतात.

असे का, तेही समजून घ्या. फोड वरवरच्या घासण्याने येतो असे आपल्याला वाटते. खरे तर त्वचेचा वरचा भाग मोज्याला चिकटून राहतो आणि आतले हाड प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकते. या ओढाताणीत त्वचेचे थर आतल्या आत फाटतात आणि त्या फटीत पाणी भरते. त्वचा घामाने दमट असेल तर ती मोज्याला अधिकच धरून बसते.

एवढ्याशा फोडाने गेलेला जीव

30 जून 1924 रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा 16 वर्षांचा मुलगा, धाकटा कॅल्विन कूलिज, व्हाइट हाउसच्या मैदानावर मोजे न घालता बूट चढवून टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला. त्यातून जंतू रक्तात शिरले. देशातील उत्तम डॉक्टर हाताशी होते, पण 7 जुलैला तो मुलगा गेला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षे होती आणि ते रुग्णांच्या हाती यायला 1940 चे दशक उजाडले.

आज आपल्याकडे प्रतिजैविके आहेत. पण ती तेव्हाच उपयोगी पडतात, जेव्हा फोड वेळेत दिसतो. इथे माझ्या त्या रुग्णाची गोष्ट पुन्हा आठवा.

ज्यांना बूट चावलेला कळत नाही

मन्सन यांची सगळी पद्धत एका गृहीतावर उभी होती: बूट चावला की माणसाला दुखेल आणि तो बूट काढेल. हे गृहीत सर्वांना लागू नाही, हे जगाला पटवण्यात भारतात झालेल्या कामाचा मोठा वाटा आहे. तामिळनाडूत जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले आणि कुष्ठरोग्यांवर काम करू लागले. रोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडतात असा समज होता. ब्रँड यांनी दाखवले की बरीचशी हानी संवेदना गेल्यामुळे होते. खिळा टोचतो, चप्पल काचते, पण दुखत नाही, म्हणून माणूस चालत राहतो. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरले गेले. अनेक वर्षांच्या मधुमेहातही पायाच्या नसा अशाच बधिर होतात.

तुम्ही काय करावे

- बूट संध्याकाळी विकत घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात.
- कामावर घालता तेच मोजे घालून, उभे राहून, दोन्ही बूट घालून बघा. कामात ओझे उचलत असाल तर एखादी जड पिशवी हातात घ्या.
- अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. पोलादी टोपीचा बूट बोटांना लागत असेल तर तो घेऊ नका, कारण ती टोपी पुढे सैल होणार नाही.
- पहिल्या दिवशी घरातच तासभर घाला, मग रोज थोडा वेळ वाढवा. पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी नव्या बुटात काढू नका. काही दिवस जुना जोडा सोबत ठेवा.
- ओले मोजे लगेच बदला. भिजलेला बूट सावलीत वाळवा, शेगडीजवळ नको.
- फोड छोटा असेल तर फोडू नका. स्वच्छ पट्टीने झाका आणि तो बूट काही दिवस बाजूला ठेवा.
- लाली पसरत असेल, पू, ताप किंवा पायावर वर चढणारी लाल रेघ दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

आणि मधुमेह असेल तर एक जास्तीचा नियम. बूट घालण्यापूर्वी आत हात घालून खडा, खिळा किंवा शिवणीचे टोक आहे का ते पाहा. नवा बूट असेल तेव्हा दर तास-दोन तासांनी तो काढून पाय नीट बघा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा किंवा घरातल्यांना बघायला सांगा. दुखण्याची वाट पाहू नका. तुमच्या बाबतीत न दुखणे हीच धोक्याची खूण असू शकते. फोड दिसला तर तो लहान असला तरी दाखवायला या.

माझे ते रुग्ण आता रोज रात्री मुलीला पाय दाखवतात. मागच्या भेटीत त्यांनी हसत सांगितले, "डॉक्टर, साहेबांना सांगून एक नंबर मोठा बूट बदलून घेतला." शंभर वर्षांपूर्वी कंपनीच्या अधिकाऱ्यावर टाकलेली जबाबदारी इथे त्यांनी स्वतःच उचलली. तुमचा नवा जोडा घरी आला असेल, तर आजच उभे राहून तो एकदा तपासा.