कवीने काढलेला गाळ

‘वर स्वर्ग, खाली सुझोऊ-हांगझोऊ’ अशी चीनमध्ये एक जुनी म्हण आहे. आमच्या सहलीत या दोन्ही शहरांना मिळून फक्त २ दिवस होते. गाईड हातात पिवळी पताका घेऊन पुढे आणि आम्ही मंडळी मागे. घरात उर्दू शायरी ऐकत मी वाढलो. शायरीत बाग एका ओळीत फुलते. प्रत्यक्षात तिच्यामागे किती खटाटोप असतो, ते या दोन दिवसांत कळले.

सुझोऊची प्रसिद्ध ‘झुओझेंग’ बाग सुमारे १३ एकरांची आहे. मिंग राजवटीतला अधिकारी वांग शियानचेन नोकरी सोडून गावी परतला आणि १५०९ च्या सुमारास त्याने ही बाग करायला घेतली. भाजीपाला पिकवणे हाच आता आपला राज्यकारभार, असा काहीसा टोमणा बागेच्या नावात आहे. वेन झेंगमिंग या कवी-चित्रकाराने १५३३ मध्ये बागेतल्या ३१ जागांची चित्रे काढली, कविताही लिहिल्या. तळ्याकाठी एका ठिकाणी उभे राहिले की झाडांमागे पॅगोडा दिसतो. तो बागेतला नव्हे, बाहेर शहरातला. चिनी लोक याला ‘उसने घेतलेले दृश्य’ म्हणतात. वांगच्या मुलाने मात्र ही बाग जुगारात घालवली, असे सांगतात. बाग टिकली, पण घराण्याच्या हातून गेली.

दुसऱ्या दिवशी हांगझोऊचे पश्चिम सरोवर पाहिले. गाईडने खिशातून १ युआनची नोट काढून मागची बाजू दाखवली. पाण्यातले जे छोटे दगडी मनोरे आम्ही पाहत होतो, तेच नोटेवर छापलेले! मग त्याने सू दोंगपोची गोष्ट सांगितली.

सू दोंगपो हा चीनचा थोर कवी. कवितांतून सरकारवर टीका केली म्हणून १०७९ मध्ये त्याला अटक झाली, पुढे हद्दपारी भोगावी लागली. तोच माणूस १०८९ मध्ये हांगझोऊचा मुख्य अधिकारी म्हणून आला. तेव्हा सरोवराचा मोठा भाग गाळाने आणि पाणगवताने भरला होता. शहराचे पिण्याचे पाणी आणि आसपासची शेती त्यावर अवलंबून. त्याने दरबाराकडे अर्ज केला, पैसा उभा केला, मजूर लावले. निघालेला गाळ टाकायचा कुठे? सरोवरातच त्याचा सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचा बांध घातला, त्यावर ६ पूल केले, कडेने झाडे लावली. गवत पुन्हा माजू नये म्हणून काठाचा भाग शिंगाडा लावणाऱ्यांना खंडाने दिला, कारण शिंगाडा लावायचा तर दरवर्षी गवत उपटावेच लागते. शिंगाड्याची वेल आत पसरू नये म्हणून हद्दीच्या खुणा बांधल्या, त्या म्हणजे ते मनोरे. आजचे मनोरे नंतर पुन्हा बांधलेले आहेत. पण नोटेवरची ती शोभा मुळात शिंगाड्याच्या शेताची हद्द होती!

याच कवीला पुढे पुन्हा हद्दपार केले, थेट हैनान बेटापर्यंत. ११०१ मध्ये तो वारला. त्याला शिक्षा देणाऱ्यांची नावे आज फारशी कुणाच्या ओठांवर नाहीत. बांधाला मात्र आजही ‘सूचा बांध’ म्हणतात. त्यावरून शाळेची मुले, म्हातारी माणसे, नवी जोडपी चालत होती. २०११ मध्ये हे सरोवर जागतिक वारशाच्या यादीत आले.

पताका हलली, गाईडने हाक मारली, तरी माझा पाय निघेना. आमच्या गावाबाहेरही एक तळे आहे. त्याच्यावर मी आठ-दहा कविता लिहिल्या, टाळ्याही घेतल्या. दरवर्षी त्यावर जलपर्णी पसरते. ती काढायला मी आजवर एकदाही पाण्यात उतरलेलो नाही.