'रूल ऑफ थम्ब' आणि नवऱ्याची छडी

इंग्रजी वाक्प्रचारांच्या कुठल्याही यादीत 'रूल ऑफ थम्ब' हमखास सापडतो. अर्थ सोपा आहे: काटेकोर मोजमाप न करता, अनुभवाच्या जोरावर वापरायचा कामचलाऊ नियम. मराठीत याला 'ठोकताळा' हा अगदी नेमका शब्द आहे. भात लावताना तांदळाच्या वर बोटाचं एक पेर बुडेल इतकं पाणी, हा झाला ठोकताळा.

अडचण अर्थाची नाही, जन्मकथेची आहे. कथा अशी सांगतात की जुन्या इंग्लंडात नवऱ्याला बायकोला मारायचा कायदेशीर हक्क होता, फक्त छडी त्याच्या अंगठ्यापेक्षा जाड नसावी, आणि त्यावरूनच हा वाक्प्रचार आला. ही कथा एकदा नीट उसवून बघण्यासारखी आहे, कारण तिच्यात दोन वेगळे इतिहास एकत्र शिवले गेलेत.

आधी शब्दांचा इतिहास. जेम्स डरॅम या स्कॉटिश धर्मोपदेशकाची प्रवचनं त्याच्या मृत्यूनंतर, 1685 मध्ये छापली गेली. त्यात हा वाक्प्रचार येतो, तो अंदाजपंचे बांधकाम करणाऱ्या गवंड्यांच्या संदर्भात. 1692 मध्ये विल्यम होप याच्या तलवारबाजीवरच्या पुस्तकातही तो आहे. तिथे अर्थ असा की शास्त्र न शिकता नुसत्या सरावावर हात चालवणं. दोन्हीकडे बायको नाही, छडी नाही, कोर्ट नाही. अंगठा इथे मोजपट्टीसारखा आला असावा, हे जास्त पटतं. फ्रेंचमध्ये 'पूस' म्हणजे अंगठाही आणि इंचही. आपल्याकडे अंगुळ, वीत, हात ही मापं शरीरावरूनच आली, तसंच हे.

मग छडी आली कुठून? इथे तारीख महत्त्वाची आहे: 1782. फ्रान्सिस बुलर नावाच्या इंग्लिश न्यायाधीशाने अंगठ्याएवढ्या छडीने बायकोला मारणं कायदेशीर आहे असं मत दिल्याची बातमी पसरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेम्स गिलरे याने त्याचं व्यंगचित्र काढलं. त्यात बुलरसाहेब छड्यांच्या मोळ्या विकायला निघालेत, छड्यांच्या टोकांना अंगठे आहेत आणि मागे एक नवरा बायकोला बडवतोय. 'जज थम्ब' हे नाव बुलरला कायमचं चिकटलं. पण असं मत दिल्याची कोर्टाची नोंद सापडत नाही. न्यायाधीशांची चरित्रं लिहिणाऱ्या एडवर्ड फॉसने एकोणिसाव्या शतकातच शोधाशोध केली होती, त्यालाही ठोस पुरावा मिळाला नाही. बुलरच्या आधीचा कायदेपंडित ब्लॅकस्टन घ्या. नवऱ्याला 'माफक' शिक्षेचा जुना अधिकार होता, पुढे त्याबद्दल शंका घेतल्या जाऊ लागल्या, असं तो 1765 मध्ये लिहितो. अंगठ्याचं माप तो देत नाही.

म्हणजे वाक्प्रचार छडीच्या बातमीपेक्षा जवळजवळ शंभर वर्षं जुना. तो तिच्यातून जन्मणं शक्यच नाही.

दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या त्या खूप उशिरा. 1976 मध्ये अमेरिकेत डेल मार्टिन यांनी मारहाण सोसणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्यात छडीच्या नियमाचा उल्लेख करून त्यांनी 'रूल ऑफ थम्ब'वर जाता जाता शाब्दिक कोटी केली. पुढच्या लोकांनी ती कोटी व्युत्पत्ती म्हणून वाचली. 1982 मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने याच विषयावरच्या अहवालाच्या शीर्षकातच हा वाक्प्रचार घातला. मग काय, शिक्काच बसला! म्हणून तळटीपा दिसल्या की मागे मागे जात राहा. दहा लेखक एकच गोष्ट सांगतात तेव्हा कधीकधी दहाही जण एकाच वाक्याकडे बोट दाखवत असतात, आणि ते वाक्य विनोद असतं.

1994 मध्ये हेन्री अँसगर केली यांनी हा सगळा गुंता एका सविस्तर लेखात सोडवला. त्याच सुमारास हे खंडन वादाचं हत्यारही झालं. व्युत्पत्ती खोटी निघाली, म्हणजे स्त्रीवाद्यांचा इतिहासच रचलेला, असा सूर काहींनी लावला. माझ्या मते ही उडी मूळ चुकीपेक्षा वाईट आहे. शब्दाचा उगम चुकला म्हणून मारहाण चुकत नाही. दुसरा इतिहास स्वतंत्रपणे तपासावा लागतो, आणि तो निकालपत्रांत आहे.

1824 मध्ये मिसिसिपीच्या न्यायालयाने बुलरच्या अंगठ्याचा उल्लेख केला. तो नियम मान्य केला नाही, पण नवऱ्याचा 'माफक' शिक्षेचा हक्क मात्र राखला. 1874 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने असा हक्क आता कायदा नाही असं स्पष्ट सांगितलं. पण त्याच न्यायालयाचा सहाच वर्षं आधीचा, 1868 चा ऱ्होड्स खटला वाचा. खालच्या न्यायाधीशाने नवऱ्याला सोडलं, कारण छडी अंगठ्यापेक्षा बारीक होती. वरच्या न्यायालयाने हे कारण फेटाळलं, सुटका मात्र कायम ठेवली: गंभीर इजा नसेल तर घरातल्या भांडणात कायदा पडणार नाही, म्हणून.

त्या निकालात वस्तुस्थिती एका वाक्यात दिली आहे. छडीचे तीन फटके. छडी बोटाएवढी जाड, अंगठ्याएवढी नाही. चिथावणी काय, तर बायको काहीतरी बोलली होती. काय बोलली, ते साक्षीदाराला आठवलं नाही.