स्वरांची उसनवार

आपल्या मंडळाच्या सभागृहात व्यासपीठाच्या डाव्या बाजूला जे लाकडी कपाट उभे आहे, ते बहुतेक भगिनींच्या परिचयाचे आहे. वरच्या कप्प्यात टाळ आणि तबल्याची हातोडी, मधल्यात भजनाच्या वह्या आणि खालच्यात स्वरलिपीची पुस्तके. ही पुस्तके कोणी दिली, वह्या कोणी उतरवून काढल्या, याची नोंद ठेवण्याचा क्रम पहिल्या काही पानांनंतर थांबलेला आहे. यंदा वर्धापनदिनाच्या तयारीत कपाट आवरण्याचे काम माझ्याकडे आले. मंगळागौरीच्या गाण्यांच्या बारा वह्यांपैकी सातच हाती लागल्या. उरलेल्या पाच कोणाच्या तरी घरी, कोणत्या तरी फडताळात सुखाने नांदत असतील! त्या शोधता शोधता मनात आले, की गाण्याची पाने उसनी देण्याघेण्याचा हा व्यवहार इतरत्र कोणी आणि कसा चालविला असेल? त्या जिज्ञासेने थोडे वाचन केले. जे हाती आले ते स्मरणिकेच्या निमित्ताने भगिनींपुढे ठेवीत आहे.

आपल्याकडे गाण्याची विद्या मुख्यतः गुरुमुखातून येते. पाश्चात्त्य संगीताची रीत निराळी. तेथे रचनाकार आपली सबंध कृती कागदावर उतरवितो आणि वाजविणारा तो कागद समोर ठेवून वाजवितो. आपल्या बाजूला ही लिपी गोव्यातील चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. तेथून मुंबईस आलेल्या कितीतरी वादकांनी पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत असे कागद पाहूनच व्हायोलिन आणि ट्रंपेट वाजविले.

या रीतीत एक अडचण असते. चौघांनी मिळून वाजवावयाचे झाल्यास चौघांना चार वेगवेगळे कागद लागतात, कारण प्रत्येकाचे काम निराळे. साठ जणांच्या गायकवृंदाला साठ प्रती लागतात. त्यातून एक व्हायोलिनचा भाग हरवला, तर उरलेले सारे कागद जागेवर असूनही संच पांगळा होतो. असे संच विकत घेणे श्रीमंतांनाच परवडे, आणि ते कार्यक्रमापुरते लागणार, नंतर वर्षानुवर्षे पडून राहणार. तेव्हा एकाने घ्यावे व अनेकांनी वापरावे, ही कल्पना सहजच पुढे आली.

इंग्लंडात 19 व्या शतकात कारखान्यांच्या गावोगावी गायनमंडळ्या निघाल्या. त्यांना गाणे वाचावयास शिकविण्यात एका स्त्रीचा मोठा वाटा होता. नॉर्विच येथील सॅरा ॲन ग्लोव्हर यांनी पाच रेघांच्या अवघड लिपीऐवजी स्वरांची आद्याक्षरे लिहून मुलांना गाणे शिकविण्याची पद्धत बसविली आणि 1835 साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ‘सा रे ग म’ लिहून शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही. पुढे जॉन कर्वेन यांनी तीत फेरफार करून तिचा ‘टॉनिक सोल्फा’ या नावाने सर्वत्र प्रसार केला. लोकांच्या लक्षात नाव राहिले ते बहुतांशी कर्वेन यांचेच! याच सुमारास लंडनच्या नोव्हेलो प्रकाशनगृहाने हँडेलच्या ‘मसाया’सारख्या कृती स्वस्त भागांतून छापावयास प्रारंभ केला. गाणे वाचता येणारे लोक झाले आणि छापील गाणेही झाले. उणीव राहिली होती ती ही पाने एकत्र जपून सर्वांना देणाऱ्या घराची.

ती उणीव मँचेस्टर शहरी हेन्री वॉटसन यांनी भरून काढली. 1846 साली बर्नली गावी जन्मलेले हे गृहस्थ वादक, गायनमंडळ्यांचे चालक आणि संगीतशिक्षक होते. आयुष्यभर त्यांनी संगीताची पुस्तके व पाने जमविली आणि 1899 साली तो सर्व संग्रह शहराला देऊन टाकला. दिल्यावर त्यांनी त्याच्याकडे पाठही फिरविली नाही. 1911 साली मृत्यू येईपर्यंत ते त्यात भर घालीत राहिले. आज मँचेस्टरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात त्यांच्या नावाचा संगीतविभाग आहे आणि गायनमंडळ्यांना एकेका कृतीच्या प्रतींचे संच देणे हे त्याचे एक मुख्य काम ठरले आहे.

यापुढील हकीकत मात्र आपणा स्त्रियांना विशेष जवळची वाटावी अशी आहे. 1911 साली लंडनमध्ये गर्ट्रूड ईटन, कॅथरिन एगर आणि मॅरियन स्कॉट या तिघींनी स्त्री-संगीतकारांची एक संस्था काढली. ‘सोसायटी ऑफ विमेन म्युझिशियन्स’ हे तिचे नाव. गीतरचनाकार लिझा लेमान या तिच्या पहिल्या अध्यक्षा. त्या काळी इंग्लंडातील मोठ्या वाद्यवृंदांची दारे स्त्रियांना जवळजवळ बंद होती. हेन्री वुड यांनी 1913 साली आपल्या क्वीन्स हॉलच्या वाद्यवृंदात सहा स्त्रियांना जागा दिली, तर ती केवढी मोठी घटना मानली गेली! मँचेस्टरच्या सुप्रसिद्ध हॅले वाद्यवृंदाने महायुद्धाच्या काळात, पुरुष रणांगणावर असताना, स्त्रियांना घेतले. परंतु 1920 साली त्यांना पुन्हा बाहेरची वाट दाखविण्यात आली. प्रवासात त्यांची सोय लावणे अवघड जाते, अशी कारणे त्यासाठी पुढे करण्यात आली.

मग शिकल्यासवरलेल्या वादक स्त्रियांनी वाजवावे तरी कोठे? एक दार उघडे होते. तिघांनी, चौघांनी किंवा पाच जणांनी मिळून घरातल्या दिवाणखान्यातही वाजवावयाचे जे संगीत असते, त्यास तिकडे ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. त्याला ना मोठे सभागृह लागते, ना वाद्यवृंदाच्या चालकाची परवानगी. चार खुर्च्या, चार वाद्ये आणि चार कागद एवढी सामग्री पुरते. खुर्च्या घरच्याच असत, वाद्येही असत. कागदांचे काय? हायडनने चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या 68 कृती आहेत, मोझार्टच्या 23 आणि बीथोव्हेनच्या 16. हे तिघेच नीट अभ्यासावयाचे म्हटले तरी शंभराहून अधिक संच झाले! शिकवण्या करून पोट भरणाऱ्या बाईला एवढी खरेदी कशी झेपावी?

अशा वेळी 1918 साली वॉल्टर विल्सन कॉबेट यांनी आपला चेंबर म्युझिकचा संग्रह या स्त्रियांच्या संस्थेच्या स्वाधीन केला. कॉबेट हे धंद्याने कारखानदार. यंत्रांचे पट्टे तयार करणाऱ्या एका कंपनीत त्यांनी पैसा मिळविला. जीव मात्र त्यांचा व्हायोलिनमध्ये होता. 1905 पासून त्यांनी लहान रचनांसाठी बक्षिसे ठेवली आणि त्यांतून कितीतरी नवे रचनाकार पुढे आले. सुसान स्पेन-डंक ही त्यांपैकीच एक स्त्री. 1929 साली, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, त्यांनी चेंबर म्युझिकचा मोठा कोशही प्रसिद्ध केला. त्यांनी दिलेल्या संग्रहाला ‘कॉबेट फ्री लायब्ररी’ असे नाव मिळाले. त्यातला ‘फ्री’, म्हणजे विनामूल्य, हा शब्द महत्त्वाचा. ज्यांना वाद्यवृंदात खुर्ची मिळत नव्हती, त्यांना निदान वाजविण्याचा कागद तरी मोल न मोजता मिळू लागला.

देणगी एका दिवसात होते. ती चालविणे मात्र रोजचे काम आहे. संच बाहेर जाताना त्यातील भाग मोजावयाचे, परत येताना पुन्हा मोजावयाचे. वाजविणाऱ्याने पेन्सिलीने केलेल्या खुणा खोडावयाच्या. शाईने केल्या असतील तर मनातल्या मनात चरफडावयाचे! फाटलेल्या घडीवर पट्टी चिकटवावयाची आणि न आलेल्या भागासाठी पत्रामागून पत्र पाठवावयाचे. या कामाला टाळ्या मिळत नाहीत आणि देणगीदाराच्या तसबिरीखाली त्याचा उल्लेखही नसतो. परंतु ते थांबले, की मोठ्यातली मोठी देणगी पाच-दहा वर्षांत रद्दीच्या भावाची होते.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. तेथील लोकरी सुताचे व्यापारी एडविन फ्लायशर यांनी 1909 साली ‘सिंफनी क्लब’ काढला. तरुण वादकांना वाद्यवृंदात वाजविण्याचा सराव व्हावा, हा त्यामागील हेतू. सरावासाठी कागद हवेत, म्हणून फ्लायशर यांनी युरोपातूनही संच आणविले. हा संग्रह त्यांनी 1929 साली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाला अर्पण केला. त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक मंदीचा कडाका सुरू झाला आणि हजारो वादक बेकार झाले. तेव्हा सरकारी मदतकार्यातून एक योजना निघाली. अमेरिकी रचनाकारांच्या ज्या कृती कोणी प्रकाशक छापीत नव्हता, त्यांचे एकेका वाद्याचे भाग बेकार वादकांनी हाताने उतरवून काढावयाचे. 1934 पासून 1943 पर्यंत हे काम चालले. दुष्काळात रस्ते बांधून घेतात, तसे येथे संगीत लिहून घेतले गेले! प्रकाशकाच्या हिशेबात न बसलेल्या त्या कृती आज वाजविता येतात त्या या लेखणीच्या कष्टांमुळे. फ्लायशर यांच्या नावाच्या या संग्रहात आता 20,000 हून अधिक कृती आहेत आणि तेथून देशोदेशींच्या वाद्यवृंदांना संच उसने जातात.

अलीकडे इंग्लंडात वारे उलटे फिरले. खर्च परवडत नाही म्हणून संगीताची कपाटे बंद करण्याचे विचार निरनिराळ्या परगण्यांत सुरू झाले. अशा वेळी काही ठिकाणी गाणारे-वाजविणारे लोकच पुढे सरसावले. सरे परगण्यातील असा संग्रह आता स्वयंसेवकांची एक धर्मादाय संस्था चालविते. संच काढून देणे आणि आलेले मोजून लावणे, ही कामे तेथे लोक आपला वेळ देऊन करतात. कोणी म्हणेल, आता तर सारे इंटरनेटवर फुकट मिळते! एका अर्थी ते खरे. 2006 साली एडवर्ड गुओ या तरुण विद्यार्थ्याने जुन्या संगीताची पाने सर्वांसाठी ठेवणारे संकेतस्थळ सुरू केले. एका प्रकाशकाच्या नोटिशीमुळे 2007 साली ते बंद पडले आणि 2008 साली पुन्हा उघडले. तेही पाने टिपून पाठविणाऱ्या स्वयंसेवकांवरच उभे आहे. परंतु ज्या रचनांवर अद्याप लेखकाचा हक्क आहे, त्या तेथे ठेवता येत नाहीत. शिवाय साठ जणींच्या गायनमंडळीला साठ कागद हाती लागतातच. कपाटाची गरज अजून संपलेली नाही.

हे सारे परदेशचे झाले. आपल्याकडेही अशी देणगी झालेली आहे, केवळ तिचे रूप वेगळे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि स्वरलिपीची पुस्तके छापून विद्यार्थ्यांच्या हाती दिली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानभर हिंडून घराण्याघराण्यांतील चिजा मिळविल्या. जयपूरचे महंमद अली खाँ यांच्यासारख्या उस्तादांनी आपल्या घराण्याचे धन त्यांना दिले. ज्या काळी बंदिश कोणाच्या कानी पडू नये म्हणून जपत, त्या काळी हे देणे कॉबेटच्या देणगीहून लहान खचित नव्हे. पैसा पुन्हा मिळविता येतो. पण घराण्याची चीज एकदा बाहेर गेली की ती एकट्याची राहत नाही. भातखंडे यांनी ती सारी पुंजी क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांतून मराठीत छापून सर्वांना मोकळी केली. आपल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात जी जाड बांधणीची पुस्तके आहेत, ती हीच होत. ती उघडताना त्यांत किती जणांचे देणे आहे, याचे स्मरण ठेवावे.

लंडनची ती स्त्रियांची संस्था 1972 साली विसर्जित झाली. तिची दप्तरे तेथील रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये जपून ठेवलेली आहेत. ती तेथे सुरक्षित आहेत, ही समाधानाची गोष्ट. तथापि दप्तर जपणे वेगळे आणि कपाट चालते ठेवणे वेगळे. कुलुपात राहिलेली वही वाळवीपासून वाचेल, पण तिच्यातले गाणे कोणाच्या गळ्यात उतरणार नाही. उलट, नेलेली वही परत आलीच नाही तर एकीच्या गळ्यात ते उतरेल आणि बाकीच्या अकरा जणी हात हलवीत बसतील. देणारीने मोकळ्या मनाने द्यावे, नेणारीने वेळेवर परत करावे आणि सांभाळणारीने कंटाळा न करता मोजावे. या तिघींपैकी एक जरी चुकली, तरी कपाट रिकामे होण्यास वेळ लागत नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवून हे लिखाण पुरे करते. कपाटाची नोंदवही पुन्हा सुरू केली आहे. दर शनिवारी संगीतवर्गानंतर ती टेबलावर असेल. तिच्यात पुस्तक नेणारीच्या नावाइतकेच ठळक अक्षरांत वही लिहून देणारीचे आणि फाटकी पाने चिकटविणारीचेही नाव लिहावे, अशी माझी विनंती आहे. दुसरी गोष्ट त्या पाच वह्यांची. ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी श्रावणापूर्वी आणून द्याव्यात. इतकी वर्षे कोठे होत्या, असे कोणीही विचारणार नाही.