पद सोडलं, बोलणं नाही



कुंथलगिरीला आपण बीडकर बायका किती वेळा गेलो असू! देशभूषण-कुलभूषण मुनींचं ते सिद्धक्षेत्र. जिल्हा धाराशिवचा, पण आपल्याला माहेरासारखं. तिथेच आचार्य शांतिसागर महाराजांनी 18 सप्टेंबर 1955 ला देह ठेवला. तेव्हा वय 83, आणि मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता.

त्यांच्या 36 दिवसांच्या सल्लेखनेबद्दल आपण लहानपणापासून ऐकतो. मला मात्र अलीकडे त्याआधीच्या आणि मधल्या गोष्टी जास्त आठवतात.

भोजच्या पाटील घराण्यातला हा मुलगा, सातगौडा. मुनिदीक्षा घेतली 1920 ला, म्हणजे अठ्ठेचाळिशीत. ज्या वयात आपण पोरांच्या लग्नाची यादी करतो! षट्खंडागमाच्या धवला टीकेचे ग्रंथ ताम्रपटांवर कोरून घ्यायचं काम त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर हाती घेववलं. ताडपत्रं कीड खाते, तांबं खात नाही. हिशोब साधा होता.

मग डोळे मंदावले. मुनींना चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकावं लागतं, ईर्यासमिती. जीव दिसेना तर व्रत कसं पाळायचं? निर्णयामागे हे मोठं कारण होतं. सल्लेखना चालू असतानाच त्यांनी आचार्यपद जयपूरला असलेल्या वीरसागर महाराजांना देऊन टाकलं. ते मूळचे औरंगाबाद जिल्ह्यातले, पहिले शिष्य, आणि स्वतःच ऐंशीच्या उंबरठ्यावर! तेव्हा पद तरुणाला द्यायचं म्हणून दिलं नाही, सांभाळू शकेल त्याला दिलं.

पद दिल्यावर ते गप्प मात्र झाले नाहीत. 8 सप्टेंबरला, उपवासाच्या सव्विसाव्या दिवशी, त्यांनी मराठीत उपदेश केला, तो ध्वनिमुद्रित झाला. क्षीण आवाजात वीस-बावीस मिनिटं. रोज थोडा वेळ तरी आत्मचिंतन करा, संयम घ्यायला भिऊ नका, असं सांगणं. समोर माणसं होती तोवर त्यांच्याशी नातं होतंच.

हे सगळं मी का लिहिते? आमच्या महिला मंडळाची वही माझ्याकडे वीस वर्षं आहे. बी.कॉम. झालेली मी एकटीच, म्हणून. यंदा दशलक्षणाच्या जमाखर्चात मी 6 चा 8 वाचला आणि दोनशे रुपये जुळेनात. रात्रभर झोप नाही. सूनबाई म्हणाली, "आई, द्या मी बघते." मला राग आला. वाटलं, वही गेली की मला कोण विचारणार? सासूबाईंनी किल्ल्या दिल्या तेव्हा वर्षभर त्या देवघरातून बाहेर आल्या नव्हत्या, ते आठवलं.

वही परवा दिली. आमच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या एका जावेला, सुनेला नाही. ती अंगणवाडीचे हिशोब ठेवते. बुधवारच्या स्वाध्यायाला मात्र मी पुढच्याच सतरंजीवर बसणार आहे, आणि प्रश्नही विचारणार आहे.